वही कोणी पाहायची?

१८६० च्या मुंबईत हिशेब ठेवण्याच्या दोन रीती शेजारी शेजारी नांदत होत्या. मांडवी, भुलेश्वर, काळबादेवी या भागांतल्या पेढ्यांवर मुनीम मांडी घालून बसे आणि लाल कापडी पुठ्ठ्याच्या लांबट वहीत दिवसाचा रोजमेळ लिहून काढी. त्यातून एकेक रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर जाई. कोटातल्या इंग्रजी कचेऱ्यांत तेच काम कारकून मेजापाशी बसून जर्नल आणि लेजरमध्ये करी. लिपी वेगळी, कागद वेगळा, पण मूळ नियम एकच. प्रत्येक व्यवहाराला दोन टोके असतात, एक नावे पडते, दुसरे जमा होते, आणि दोन्हीकडची बेरीज जुळल्याशिवाय दिवा मालवायचा नाही. आपल्या मुनिमाला हे कोणा साहेबाने शिकवावे लागले नव्हते.

फरक होता तो वही कोणाच्या हाती पडावी यात. पेढीची वही शेठची, फार तर त्याच्या भागीदार भावांची. बाहेरचा माणूस व्यवहाराला येई तेव्हा वही मागत नसे, तो पत पाही. अमक्याची हुंडी कधी परत गेली का, त्याच्या बापाने वाईट दिवसांत देणी फेडली का, बाजारात त्याच्या शब्दाला काय वजन आहे, एवढे त्याला पुरे असे. आणि ते पुरे होते याला सबळ कारण होते. पेढी बुडाली तर शेठचा वाडा, बायकोचे दागिने, गावाकडची जमीन, सारे देणेकऱ्यांसाठी लिलावात निघे. जबाबदारीला मर्यादा नव्हती, म्हणून वही झाकलेली असली तरी चालत असे.

या रीतीला पहिला धक्का कायद्याने दिला. १८५० साली हिंदुस्थानात कंपन्यांच्या नोंदणीचा कायदा आला, पण त्यात भागधारकाची जबाबदारी अमर्यादच राहिली. १८५७ च्या कायद्याने मर्यादित जबाबदारीची सोय केली. मात्र बँका आणि विमा कंपन्यांना त्यातून वगळले होते. १८६० मध्ये त्यांनाही ती सवलत मिळाली. वाणिज्य शाखेच्या पहिल्याच वर्षाला विद्यार्थी मर्यादित जबाबदारीची व्याख्या पाठ करतात, पण तिने काय उलथापालथ केली हे त्यांना क्वचितच कोणी सांगते. शंभर रुपयांचा शेअर घेतला आणि शंभर भरले, की कंपनी कितीही खोल बुडो, तुमच्या दाराशी कोणी येणार नाही. पन्नासच भरले असतील तर उरलेले पन्नास मागता येतील, त्यापुढे एक पैसाही नाही. म्हणजे देणेकऱ्याचा वाड्यावरचा आणि दागिन्यांवरचा हक्क गेला. त्याच्या हाती आता फक्त कंपनीची मालमत्ता उरली, आणि ती किती आहे हे कळायला एकच जागा, कंपनीची वही. ज्या दिवशी जबाबदारीला मर्यादा आली, त्याच दिवशी वही उघडी व्हायला हवी होती. मुंबईने कंपनीचा नवा साचा उचलला आणि वही मात्र पेढीसारखीच झाकून ठेवली. पुढच्या पाच वर्षांत जे घडले त्याची सुरुवात मला इथे दिसते.

पैसा आला तो अमेरिकेतल्या यादवीमुळे. १२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट सम्टरवर पहिली तोफ डागली गेली आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली. लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकन कापसावर चालत. तो थांबला तेव्हा गिरणीमालकांचे डोळे मुंबईकडे वळले. लिव्हरपूलच्या बाजारात पश्चिम हिंदुस्थानातल्या कापसाला सरसकट ‘सुरती’ म्हणत आणि आखूड धाग्याचा म्हणून नाक मुरडत. आता त्याच मालाचा भाव पौंडाला चार-पाच पेन्सांवरून वीस पेन्सांच्या पुढे गेला. खानदेश, वऱ्हाड, गुजरात, काठेवाड इथून गाड्या, बैल आणि नुकतीच घाट चढू लागलेली आगगाडी मिळेल तेवढा कापूस मुंबईला ओतू लागली. जुन्या गाद्या उसवून त्यातला कापूसही लोकांनी विकला, असे सांगतात. गासड्यांत सरकी, माती, पाणी घालून वजन वाढवण्याचे प्रकार इतके माजले की १८६३ साली त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.

नेहमीच्या भावाने जे मिळाले असते त्याहून सात-आठ कोटी पौंड जास्त या काळात मुंबईत आले, असा त्या वेळचा अंदाज आहे. तेव्हाच्या दराने सत्तर-ऐंशी कोटी रुपये. त्या आकड्याचा अर्थ कळायला एक दुसरा आकडा शेजारी ठेवावा लागतो. शहरातली सर्वांत मोठी बँक, १८४० साली स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे, अवघ्या ५२ लाख २५ हजार रुपयांच्या भांडवलावर उभी होती. एवढा पैसा गुंतवायला शहरात गिरण्या नव्हत्या, रेल्वेचे भांडवल विलायतेत उभे राहत होते, आणि पेढ्यांना इतकी रक्कम पचवता येत नव्हती. मग कंपन्या निघाल्या. जानेवारी १८६५ पर्यंत मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ जमीन कंपन्या, १६ गासड्या दाबणाऱ्या प्रेस कंपन्या, १० जहाज कंपन्या आणि २० विमा कंपन्या झाल्या होत्या. दहा वर्षांपूर्वी यातल्या बहुतेकांचा मागमूसही नव्हता. १८५० च्या आसपास हाताच्या बोटांवर मोजण्याइतके शेअर दलाल होते, ते दोनशेच्या वर गेले. टाऊन हॉलसमोरच्या झाडांखाली त्यांची गर्दी उसळे.

या गर्दीच्या मध्यभागी प्रेमचंद रायचंद होते. सुरतेच्या जैन कुटुंबात जन्म, मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिक्षण, आणि इंग्रजी लिहिता-बोलता येणारे पहिल्या काही देशी दलालांपैकी एक. त्यांच्याविषयी लिहिताना दोन टोकांना जाण्याचा मोह होतो, कोणी त्यांना खलनायक करतो, कोणी दानशूर महात्मा. माझ्या मते ते पेढीच्या जगातले सर्वांत कुशल माणूस होते. पत, शब्द, ओळख, अंदाज या चार गोष्टींवर ते व्यवहार करीत आणि त्यांत ते अजिंक्य होते. अडचण ही झाली की त्यांच्या हाती आता परक्या लोकांच्या पैशांवर चाललेल्या कंपन्या आल्या, आणि त्याही ते त्याच चार गोष्टींवर चालवू लागले.

त्या काळचे सर्वांत मोठे नाव म्हणजे बॅक बे रिक्लेमेशन कंपनी. मलबार टेकडीपासून कुलाब्यापर्यंतच्या उथळ उपसागराच्या काठाने भर घालायची, बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेला कुलाब्यापर्यंत जायला वाट द्यायची आणि उरलेली जमीन विकायची, अशी योजना. कल्पना खोटी नव्हती. मुंबईला जमीन हवीच होती आणि तिथली जमीन आज काय मोलाची आहे ते सांगायला नको. शेअर ५,००० रुपयांचा. त्यांतले ४०० शेअर मुंबई सरकारने घ्यावेत असे ठरत होते, पण वरच्या सरकारने त्याला मनाई केली. मग कंपनीने ते ४०० शेअर जाहीर लिलावात काढले. सरासरी २६,५०० रुपयांना एक शेअर गेला आणि एकूण १ कोटी ६ लाख रुपये हाती आले.

या लिलावापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण हिशेबाचा विद्यार्थी इथे जे शिकेल ते पुस्तकातल्या दहा उदाहरणांत शिकणार नाही. ४०० शेअरांची दर्शनी किंमत २० लाख. आले १ कोटी ६ लाख. वरचे ८६ लाख कोणत्या खात्यावर जमा करायचे? समुद्रात भराव पडलेला नाही, एक चौरस वार जमीन विकलेली नाही, कंपनीने अजून एक रुपया कमावलेला नाही. म्हणजे हा नफा नव्हे. शेअर घेणाऱ्याने उद्याच्या आशेपोटी आज भरलेले ते जादा भांडवल आहे. आजचा कायदा अशी रक्कम अधिमूल्याच्या वेगळ्या खात्यात बांधून ठेवतो आणि ती लाभांशात वाटू देत नाही. १८६४ च्या बाजाराला हा भेद दिसत नव्हता. लोकांनी ते ८६ लाख कंपनीच्या कर्तबगारीचे प्रमाणपत्र मानले. ज्यांच्याकडे आधीपासून शेअर होते त्यांनी आपापल्या वहीत त्यांची किंमत नव्या भावाने मांडली आणि स्वतःला श्रीमंत समजून पुढचे कर्ज काढले. भाव चढतच गेला. ५,००० च्या शेअरला ५०,००० च्या घरात भाव आला.

कर्ज कुठून येत होते? पहिला दरवाजा वित्तसंस्थांचा. त्यांचे काम कागदावर उद्योगांना पैसा पुरवण्याचे. प्रत्यक्षात त्या शेअर तारण ठेवून कर्ज देत. दुसरा दरवाजा, आणि खरा मोठा, बँक ऑफ बॉम्बेचा. ही बँक अर्धसरकारी होती. सरकारचे त्यात शेअर होते, सरकारने नेमलेले संचालक मंडळावर बसत. १८४० च्या सनदेत कर्ज कोणाला, किती, किती मुदतीचे आणि कशाच्या तारणावर द्यायचे यावर कडक बंधने होती. १८६३ च्या दहाव्या कायद्याने ती सैल झाली आणि कंपन्यांचे शेअर तारण घ्यायला बँक मोकळी झाली. भांडवल दुप्पट केले, मग पुन्हा दुप्पट केले, आणि ५२ लाखांची बँक २ कोटी ९ लाखांची झाली. सेक्रेटरी जेम्स ब्लेअर प्रेमचंदांच्या पूर्ण कह्यात गेले होते. प्रेमचंदांची चिठ्ठी आणली की कर्ज मंजूर, असे बाजारात उघड बोलले जाई.

आता या साखळीत नेमके काय चालले होते ते एका कल्पित उदाहरणाने मांडून पाहतो. समजा एका वित्तसंस्थेने भागधारकांकडून १० लाख रुपये गोळा केले. वहीत रोकड नावे १० लाख, भांडवल जमा १० लाख. जमीन कंपनीचा शेअर २०,००० ला चालला आहे. वित्तसंस्था सावधपणा म्हणून निम्म्या किमतीइतकेच कर्ज देते: १०० शेअर तारण, १० लाख कर्ज. रोकड जमा १० लाख, कर्ज खाते नावे १० लाख. कर्ज घेणारा त्या पैशांतून बाजारातून तेच शेअर आणखी विकत घेतो. मागणी वाढली, भाव ३०,००० झाला. आता वित्तसंस्थेकडचे तारण ३० लाखांचे दिसते आणि कर्ज फक्त १० लाखांचे. इतका सुरक्षित धंदा पाहून वित्तसंस्थेचाच शेअर चढतो. तिचा भागधारक तो चढलेला शेअर बँकेत नेऊन ठेवतो आणि कर्ज उचलतो. बँकेच्या वहीतही कर्ज नावे, रोकड जमा. बँकेचा ताळेबंद फुगतो, बँकेचा शेअर चढतो.

तिन्ही वह्या तपासा. तिन्हींतली तेरीज चोख जुळेल, एका पैशाचा फरक सापडणार नाही. तरीही तिन्ही वह्या मिळून पाहिल्या तर खरी रोकड एकदाच आली होती, सुरुवातीचे १० लाख, आणि ते ज्याने पहिल्यांदा शेअर विकले त्याच्या खिशात केव्हाच गेले. बाकी सगळे एकमेकांच्या भावावर टेकलेले आकडे. भाव २,००० वर आला की १०० शेअरांचे तारण २ लाखांचे होते आणि १० लाखांच्या कर्जातले ८ लाख बुडीत खाती जातात. नावे-जमेचा नियम अंकगणिताची चूक पकडतो. मालमत्तेची किंमत खरी लावली आहे का, हे तो सांगू शकत नाही. त्यासाठी तिऱ्हाईत माणूस लागतो, ज्याला तारणाचा दाखला मागण्याचा अधिकार आहे आणि ज्याचा भाव चढण्या-उतरण्यात काही फायदा नाही. १८६४ च्या मुंबईत असा माणूस जवळजवळ कुठेच नव्हता. कंपनी काढणारे, तिच्यावर संचालक म्हणून बसणारे, तिचे शेअर विकणारे आणि त्या शेअरांवर कर्ज मंजूर करणारे एकाच वर्तुळातले होते. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या सरकारचे प्रतिनिधी बँकेच्या मंडळावर होते, पण त्यांनीही वही मागितली नाही.

याहून धोकादायक भाग वहीत येतच नव्हता. तो म्हणजे वायदे. अमुक कंपनीचे इतके शेअर अमुक भावाने मी १ जुलै १८६५ ला घेईन, असे शब्द दिले-घेतले जात. आज पैसा द्यायचा नाही, शेअर हाती घ्यायचे नाहीत, त्यामुळे रोजमेळात ओळ पडत नाही. भाव चढत असताना घेणारा मुदतीआधीच सौदा दुसऱ्याला विकून मधला फरक खिशात टाकी, दुसरा तिसऱ्याला विकी. एकाच तारखेवर किती सौदे येऊन थांबले आहेत, कोणाचे देणे कोणाच्या देण्यावर अवलंबून आहे, हे शहरातल्या एकाही वहीतून कळत नव्हते. संभाव्य देणी म्हणून आज ताळेबंदाखाली टीप द्यावी लागते. परीक्षेत ती टीप लिहायचा मुले कंटाळा करतात. मी त्यांना १८६५ चा १ जुलै सांगतो.

९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली शरण गेला. अमेरिकन बंदरे खुली होणार हे उघड झाले आणि कापूस कोसळला. बातमी मुंबईत पोहोचली आणि मे महिन्यात बेहरामजी होरमसजी कामा यांची पेढी बसली, तीन कोटींहून अधिक देणी मागे ठेवून. एवढ्या मोठ्या पेढीचे दिवाळे म्हणजे तिच्याकडून येणे असलेल्या सगळ्यांच्या वहीतले एकेक खाते एका दिवसात शून्य होणे. तरी लोक जुलैची वाट पाहत राहिले, भाव परत चढेल म्हणून. १ जुलै उजाडला. ज्यांनी पन्नास हजारांना घ्यायचे कबूल केले होते त्यांच्यापुढे काही हजारांचाही भाव न येणारे शेअर आले. एकाने हात वर केले की त्याच्याकडून पैसे येतील या भरवशावर बसलेल्या दुसऱ्याचे हात आपोआप वर होत. बॅक बेचा शेअर २,००० च्या खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत गेला होता तो ८७ रुपयांना विकला गेला.

यात फक्त सट्टेबाज बुडाले असते तर इतिहासाने इतकी दखल घेतली नसती. वकील, डॉक्टर, शिक्षक, सरकारी कारकून, विधवांच्या ठेवी सांभाळणारे विश्वस्त, असे सगळे त्यात होते. हिंदुस्थानच्या प्राचीन इतिहासाच्या अभ्यासासाठी ज्यांनी आयुष्य वेचले त्या डॉ. भाऊ दाजी लाडांनाही या सट्ट्यात जबर खोट बसली. शहराच्या सार्वजनिक कामांचा भार ज्यांनी वाहिला अशा घराण्यांचे हात एका पावसाळ्यात रिकामे झाले. प्रेमचंदांचेही दिवाळे निघाले. १८६४ साली मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आई राजाबाईंच्या नावाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख देऊन ठेवले होते, ती रक्कम विद्यापीठाच्या खात्यावर जमा झालेली असल्याने वाचली. मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला.

एक प्रसंग मला या सगळ्या पडझडीत फार महत्त्वाचा वाटतो, आणि तो मुंबईतला नाही, लंडनमधला आहे. नसरवानजी टाटांचा पंचविशीतला मुलगा जमशेटजी तिथे एक बँक उभी करण्याच्या कामासाठी गेला होता. मुंबईतल्या पेढीची कागदपत्रे आणि शेअर हीच त्याची शिदोरी, आणि तीच रद्दी झाली. जमशेटजींनी देणेकऱ्यांना एकत्र बसवले, सगळा हिशेब त्यांच्यासमोर ठेवला, काय आहे आणि काय नाही ते सांगितले. देणेकऱ्यांनी जे केले ते पाहण्यासारखे आहे: त्यांनी जमशेटजींनाच महिना २० पौंडांच्या पगारावर त्या व्यवहाराचे परिसमापक नेमले. बुडालेल्या माणसाच्या हाती बुडालेल्या मालमत्तेची विल्हेवाट! हा विश्वास वंशावळीवर किंवा बाजारातल्या नावावर आलेला नव्हता, देणेकऱ्यांनी वही पाहिली होती म्हणून आला होता. पुढे १८६८ च्या ॲबिसिनियाच्या मोहिमेतल्या सैन्याला पुरवठा करण्याच्या कंत्राटातून टाटांची घडी पुन्हा बसली.

बँक ऑफ बॉम्बे लगेच पडली नाही. ती आणखी अडीच वर्षे कशीबशी चालली आणि १८६८ मध्ये तिचा गाशा गुंडाळावा लागला. त्याच वर्षी त्याच नावाची नवी बँक निघाली. ती १९२१ मध्ये इम्पीरियल बँकेत मिळाली आणि आज स्टेट बँकेच्या पोटात आहे. जुन्या बँकेच्या चौकशीसाठी सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. आयोगाने अपयशाची कारणे सांगितली ती अशी: सनदेतली बंधने काढून टाकणे, नव्या कायद्याने मिळालेल्या अधिकारांचा दुबळ्या आणि तत्त्वहीन सेक्रेटऱ्यांनी केलेला दुरुपयोग, अध्यक्ष आणि संचालकांची बेपर्वाई व नालायकी, काळाची असाधारण परिस्थिती, आणि योग्य कायदेशीर सल्ल्याचा अभाव. क्रम लक्षात घ्या. भाव कोसळणे हे यात चौथ्या क्रमांकाला येते, तेही ‘परिस्थिती’ या एका शब्दात. पहिली तिन्ही कारणे कारभाराची आहेत.

कायदा हळूहळू शहाणा झाला. १८६६ साली, राख अजून गरम असताना, कंपन्यांचा नवा एकत्रित कायदा झाला. त्याने स्थापना, नोंदणी, सभा, भागधारकांची यादी आणि कंपनी बंद करण्याची रीत एका जागी आणली. १८८२ मध्ये त्याची जागा दुसऱ्या कायद्याने घेतली. हिशेबतपासनीस नेमणे कंपन्यांना सक्तीचे झाले ते १९१३ च्या कायद्याने, म्हणजे पडझडीनंतर अट्ठेचाळीस वर्षांनी. त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघाले. तपासनीस सक्तीचे केले तर ते शिकवून तयार करायला नकोत? १९१८ पासून मुंबई सरकारची लेखाशास्त्राची पदविका सुरू झाली आणि अनुभवी तपासनिसाच्या हाताखाली उमेदवारी करण्याची पद्धत रूढ झाली. सनदी लेखापालांची संस्था स्थापन झाली ती १ जुलै १९४९ ला. तारीख योगायोगाने तीच. दलालांनीही आपले घर नीट केले: ९ जुलै १८७५ रोजी त्यांनी देशी शेअर आणि स्टॉक दलालांची संघटना बांधली, तिचाच पुढे मुंबई शेअर बाजार झाला. बॅक बे कंपनी गुंडाळली गेली, तिने भरलेली चिंचोळी पट्टी सरकारकडे आणि मग रेल्वेकडे गेली. एल्फिन्स्टन लँड या दुसऱ्या जमीन कंपनीची कामे सरकारने विकत घेतली आणि १८७३ मध्ये त्यांच्यावर पोर्ट ट्रस्ट उभा राहिला. दगड-माती टिकली, भाग गेले.

इथवरची गोष्ट मुंबईच्या इतिहासांत सापडते. पण कापसाच्या या वर्षांनी घाटावर जे केले ते त्या पुस्तकांत वेगळ्या प्रकरणात पडते, आणि मला ते वेगळे पाडणे पटत नाही. कापसाचे भाव चढले तेव्हा गावोगावच्या सावकारांनीही हात सैल सोडला. जमिनीला भाव आला, पीक येणारच म्हणून कर्ज मिळू लागले. शेतकऱ्याने लग्न केले, बैल घेतले, विहीर खोदली. मुंबईचा बाजार बसल्यावर वरून येणारा पैसा आटला. सावकाराला त्याच्या वरच्या पेढीने तगादा लावला, त्याने रयतेला लावला, आणि त्यात नव्या जमाबंदीने सारा वाढवून ठेवला होता. खत लिहून देणाऱ्या कुळाला त्यात काय लिहिले आहे हे वाचता येत नव्हते. फेडलेल्या रकमा वहीत जमा पडल्या की नाहीत हे विचारण्याची त्याची सोय नव्हती. बॅक बेच्या भागधारकाने आपली फसगत निदान वर्तमानपत्रात वाचली. शिरूरच्या किंवा श्रीगोंद्याच्या कुळाला ती कोर्टाच्या बेलिफाने दाराशी येऊन सांगितली.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या आठवडी बाजारात लोक सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. पाठोपाठ पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत तेच झाले. या दंग्यांचे वैशिष्ट्य सरकारच्या चौकशी आयोगालाही जाणवले: माणसे मारण्यावर लोकांचा रोख नव्हता. त्यांना खते आणि वह्या हव्या होत्या. जिथे त्या मुकाट्याने हवाली केल्या गेल्या तिथे जमाव पुष्कळदा परत फिरला, आणि हाती आलेले कागद चौकात पेटवले गेले.

१८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा या आगीतून आला. त्यात कोर्टाने व्याजाचा हिशेब मुळापासून तपासावा, कर्जापायी अटक होऊ नये अशी कलमे आहेत आणि इतिहासकार त्यांचीच चर्चा करतात. पण शेवटाकडे काही साधी कलमे आहेत. कुळाने पैसे भरले की सावकाराने पावती दिली पाहिजे. कुळाने मागितले तर वर्षातून एकदा खात्याचा उतारा लिहून दिला पाहिजे. कुळाला हवे असेल तर त्याच्याजवळच्या पासबुकात नोंदी उतरवून दिल्या पाहिजेत. न दिल्यास सावकाराला दंड. मुंबईच्या कंपन्यांना तपासनिसापुढे वही ठेवणे सक्तीचे व्हायला अजून चौतीस वर्षे होती; पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांतल्या कुळाला आपले खाते पाहायला मागण्याचा हक्क त्याआधीच मिळाला.